फॉर द मॅन हू हॅज एव्हरीथिंग

अमेरिकेतील डीसी कॉमिक्सने १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सुपरमॅनच्या ११व्या वार्षिकांकातील चित्रकथा. लेखक ॲलन मूर आणि चित्रकार डेव्ह गिबन्स हे दोघेही ब्रिटिश. याच जोडीचे ‘वॉचमेन’ १९८६ पासून येऊ लागले. स्फोटात नष्ट झालेला जन्मग्रह क्रिप्टन आणि सांभाळणारी पृथ्वी यांच्यात वाटली गेलेली सुपरमॅनची निष्ठा हा तसा या मालिकेचा जुनाच विषय. पण तो इतका निकरावर आणणारे अंक थोडेच.

२९ फेब्रुवारी हा सुपरमॅनचा वाढदिवस. बॅटमॅन, रॉबिन (जेसन टॉड) आणि वंडर वूमन भेटी घेऊन आर्क्टिकमधल्या त्याच्या गडावर येतात, तर तो जागच्या जागी थिजलेला. छातीला ‘ब्लॅक मर्सी’ ही परजीवी वनस्पती चिकटलेली असते. मोंगुल या परग्रहावरच्या जुलमी सत्ताधीशाने ती भेट म्हणून पाठवलेली असते. माणसाच्या मनातली सर्वांत खोल इच्छा पुरी झाल्याचा भास ती त्याला देते आणि त्यातच त्याला अडकवून ठेवते.

या भासातला क्रिप्टन फुटलेलाच नाही. काल-एलचे (हे सुपरमॅनचे क्रिप्टनवरचे नाव) लायला लेरॉल या अभिनेत्रीशी लग्न झाले आहे; व्हॅन आणि ऑर्ना ही दोन मुले आहेत. मूरचे सामर्थ्य दिसते ते पुढे. ग्रह वाचला, म्हणजे वडील जोर-एलचे विनाशाचे भाकीत खोटे ठरले. पत्नी गेलेली, मान गेलेला, असा हा कडवट म्हातारा आता जुना क्रिप्टन परत आणू पाहणाऱ्या जहाल गटात सामील झाला आहे. फँटम झोन हा तुरुंग त्याच्याच शोधाचा. या तुरुंगाच्या विरोधकांनी जोर-एलची पुतणी कारा (म्हणजे सुपरगर्ल) हिला मारहाण करून इस्पितळात पोहोचवले आहे. इच्छापूर्तीच्या जगालाही अशी कीड का लागावी? सुपरमॅनचे मन आतून पृथ्वीकडे ओढ घेत आहे, हाच अर्थ सर्वांत पटणारा वाटतो.

क्रिप्टनवरच्या कँडोर शहराच्या जागी उरलेल्या विवराशी काल-एल व्हॅनला घेऊन जातो. तुझ्या जन्माच्या वेळी मी होतो, तुझ्यावर माझे प्रेम राहीलच, पण तू खरा आहेस असे मला वाटत नाही, असे तो मुलाला सांगतो. अंकातले हे सर्वांत जड पान. पृथ्वीवर परतायचे तर त्याला स्वतःच्या लेकराचा हात सोडावा लागतो.

बॅटमॅन वनस्पती ओढून काढतो, पण ती त्यालाच धरते आणि आईवडील जिवंत राहिल्याचे दाखवते. इकडे संतापलेला सुपरमॅन मोंगुलवर तुटून पडतो. मात्र ऐन मारामारीत त्याची नजर क्रिप्टनचा गोल उचलून धरलेल्या आईवडिलांच्या पुतळ्यावर जाते, हात थबकतो आणि मोंगुल डाव साधतो. म्हणजे निवड करूनही ओढ सुटत नाही. शेवटी रॉबिन ती वनस्पती मोंगुलवरच टाकतो. वंडर वूमनने कँडोरची प्रतिकृती आणलेली असते. सुपरमॅनने तशीच एक आधीच करून ठेवलेली असते, ती तिच्या नकळत तो लपवतो.

२००४ मध्ये ‘जस्टिस लीग अनलिमिटेड’ या ॲनिमेशन मालिकेत ही कथा आली. तिथे रॉबिन नाही आणि काल-एलला एकच मुलगा आहे. तिथला क्रिप्टन सुखी, जोर-एल हसतमुख. त्यामुळे ताटातूट चटका लावते, पण मूळ कथेतला राजकीय पेच हरवतो. ‘सुपरगर्ल’ या दूरचित्रवाणी मालिकेनेही २०१६ मध्ये हाच प्रसंग काराला केंद्रस्थानी ठेवून वापरला.