कन्सोल, ट्रान्सपोर्ट आणि ऑटोमेशन : पार्श्वभूमी

रेकॉर्डिंग स्टुडिओत ट्रान्सपोर्ट म्हणजे मुळात टेप वाहून नेणारी यंत्रणा: मोटर, टेप ओढणारा कॅप्स्टन, ती दाबून धरणारा पिंच रोलर आणि दोन रिळं. प्ले, स्टॉप, रिवाइंड ही बटणं त्या मशीनची होती, कन्सोलची, म्हणजे आवाज मिसळण्याच्या टेबलाची, नव्हे. मशीन कोपऱ्यात, रिमोट चाकांच्या स्टँडवर, आणि टेप कुठवर सरकली याचा कन्सोलला पत्ता नाही. ऑटोमेशनमधले, म्हणजे पातळीचे बदल नोंदवून आपोआप पुन्हा घडवण्यातले, बरेचसे शोध हा आंधळेपणा घालवण्यासाठी लागले.

टेपवरचे ट्रॅक, म्हणजे शेजारी शेजारी नोंदलेले स्वतंत्र आवाज, 16 आणि मग 24 झाले तेव्हा दोन हात अपुरे पडू लागले. तीन-चार जण कन्सोलला खेटून उभे राहायचे, प्रत्येकाच्या वाटणीला काही फेडर (आवाजाची पातळी वरखाली करणारी सरकती बटणं), शेजारच्या पट्टीवर पेन्सिलीच्या खुणा. एकाची खूण चुकली की गाणं पहिल्यापासून. नाहीतर मिक्स तुकड्यातुकड्यांत करून ब्लेडने टेप जोडायची.

सत्तरच्या दशकातल्या पहिल्या ऑटोमेशनने फेडरच्या हालचाली त्याच मल्टिट्रॅक टेपवर नोंदवल्या. त्यात दोन ट्रॅक खर्ची पडत: एकावरून जुनी माहिती वाचायची, सुधारून दुसऱ्यावर लिहायची. दर फेरीत थोडा उशीर साचायचा, त्यामुळे जितकी मेहनत जास्त तितका फेडर मागे. टाइमकोड, म्हणजे टेपवरच्या प्रत्येक जागेचा वेळेतला पत्ता, आल्यावर ही कटकट संपली. 24व्या ट्रॅकवर तास, मिनिट, सेकंद, फ्रेम धावू लागले आणि हालचाली फ्लॉपीवर गेल्या. टाइमकोडची किरकिर शेजारी झिरपते म्हणून 23वा ट्रॅक बहुधा रिकामा ठेवत. आता पत्ता मिळाला होता, आणि टेपची बटणं कन्सोलच्या मधोमध येऊन बसली.

खरा वाद पेटला तो व्हीसीए की मोटरचा फेडर यावरून. व्हीसीए म्हणजे व्होल्टेजच्या इशाऱ्यावर पातळी बदलणारा अ‍ॅम्प्लिफायर. या पद्धतीत आवाज फेडरमधून जातच नाही, फेडर फक्त व्होल्टेज पाठवतो. ते साठवणं सोपं, आणि एका फेडरने दहा चॅनल उचलणंही सोपं. पण सुरुवातीच्या व्हीसीएमध्ये खरखर आणि विरूपण होतंच, शिवाय दुसरी गोम अशी की प्लेबॅकला फेडर जागचा हलत नाही. नोंद सांगते गायकाचा आवाज खाली, फेडर मात्र वर उभा. मग फेडरजवळ दोन बारके दिवे बसवले. एक लागला तर फेडर खाली घ्या, दुसरा लागला तर वर. दोन्ही विझले की जुळलं. न जुळवता सूत्रं हाती घेतली की आवाजाला धक्का बसलाच.

मोटरचा फेडर 1977च्या सुमारास आला. आवाज त्याच्यातूनच जातो आणि पातळी डोळ्यांना दिसते. महागडा, मोटरची घरघर, धूळ बसली की अडकणारा, पण माझ्या मते बरोबर बाजू हीच होती. व्हीसीएवाले म्हणत, कानाने ऐका, फेडर कशाला बघता? ऐकायला छान. रात्री दोन वाजता चाळीस फेडरसमोर बसल्यावर ते दिवे वाचून दाखवा.

गंमत म्हणजे हरलेल्या बाजूचं नाव टिकलं. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘व्हीसीए’ ट्रॅक असतो. त्यात व्होल्टेज नाही, अ‍ॅम्प्लिफायर नाही, त्यातून आवाजही जात नाही. तो फक्त इतर फेडरांची पातळी एकत्र वरखाली करतो. नवशिके त्याला ग्रुप बस (अनेक आवाज एकत्र वाहून नेणारा मार्ग) समजून त्यावर कॉम्प्रेसर (आवाजातला चढउतार आवळणारं साधन) लावायला जातात आणि जागाच सापडत नाही.

1992मध्ये मिडीवरून, म्हणजे वाद्यं आणि यंत्रं एकमेकांना आज्ञा पाठवतात त्या भाषेतून, मशीन चालवण्याचा प्रमाण-संकेत आला आणि पुढे टेपच गेली. फेडरच्या कंट्रोल सरफेसवर, म्हणजे सॉफ्टवेअर हाताळण्याच्या पाटीवर, प्ले-स्टॉप उरले, वाहून न्यायला काही नसताना. साध्या मिडी कंट्रोलरच्या 128 पायऱ्या फेडरला तोकड्या पडतात, फेड संथ असेल तर त्या ऐकू येतात. म्हणून पिच बेंडचा, म्हणजे सूर वाकवण्यासाठीचा, खूप बारीक पायऱ्यांचा 14 बिटचा संदेश फेडरसाठी पळवण्याची युक्ती निघाली.

बोट लागलं की फेडरला कळतं, म्हणून ‘टच’ ही नोंदवण्याची पद्धत: बोट उचललं की फेडर जुन्या नोंदीकडे परततो. पेनाच्या प्लॅस्टिक टोकाने ढकला, नोंद होत नाही. ‘लॅच’मध्ये बोट उचललं तरी फेडर तिथेच थांबतो आणि स्टॉप दाबेपर्यंत तीच पातळी लिहीत राहतो. पुढच्या कडव्यातली आधीची नोंद राहणार की पुसली जाणार, हे त्या स्टॉपवर ठरतं.