इतिहासाच्या पुस्तकावर शेवटची सही कुणाची?

इतिहासाच्या पुस्तकातून एखादा धडा गाळला गेला की 'शिक्षणात राजकारण नको' असे दोन्ही बाजूंचे लोक तावातावाने म्हणू लागतात. मागणी रास्त आहे, पण तिच्यामागचे गृहीतक पटण्यासारखे नाही. शाळेतला इतिहास पूर्वी कधीतरी निर्मळ होता आणि मग पुढाऱ्यांनी किंवा धर्मगुरूंनी त्यात हात घातला, असे घडलेलेच नाही. सगळ्या मुलांनी सक्तीने शिकायचा विषय म्हणून इतिहास शाळेत आला तो राज्यकर्त्यांच्या गरजेपोटी. त्याआधी मुलांच्या कानावर जे पडे ते धर्मग्रंथांतले किंवा राजवंशांच्या स्तुतीतले. एकोणिसाव्या शतकात राष्ट्र नावाची गोष्ट उभी राहू लागली, तेव्हा खेड्यातल्या शेतकऱ्याच्या पोराला आपण अमुक देशाचे आहोत हे पटवून देण्याची निकड निर्माण झाली. ते काम इतिहासाच्या तासाकडे आले.

फ्रान्समध्ये हे लख्ख दिसते. १८७०-७१ च्या युद्धात प्रशियाने फ्रान्सचा पराभव केला, अल्सास आणि लॉरेनचा काही भाग गेला. प्रशियाच्या विजयाचे श्रेय तिथल्या शाळामास्तरांना आहे, असे तेव्हा युरोपात बोलले जाई. फ्रेंच प्रजासत्ताकाने तो धडा मनावर घेतला. शिक्षणमंत्री ज्यूल फेरी यांच्या १८८१ आणि १८८२ च्या कायद्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत, सक्तीचे आणि धर्मनिरपेक्ष केले. पूर्वीच्या 'नैतिक व धार्मिक' शिक्षणाच्या जागी 'नैतिक व नागरी' शिक्षण आले. १८८४ पासून एर्न्स्ट लाव्हीस यांचे इतिहासाचे पुस्तक शाळांत गेले आणि पुढच्या कित्येक पिढ्या त्याच्यावर वाढल्या. देशावर प्रेम करा, गमावलेला मुलूख विसरू नका, हा त्याचा सूर होता. चर्चची जागा रिकामी झाली होती आणि तिथे राष्ट्र येऊन बसले, एवढेच.

चर्च अर्थातच गप्प बसले नाही. नागरिकशास्त्राच्या चार पुस्तकांना रोमने निषिद्ध ग्रंथांच्या यादीत टाकले. १८८३ साली काही गावांत पाद्री ही पुस्तके वापरणाऱ्या मुलांना धर्मसंस्कार नाकारू लागले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फेरी यांनी देशभरच्या शिक्षकांना पत्र लिहिले. वर्गात काही सांगण्यापूर्वी स्वतःला विचारा, की एखादा प्रामाणिक पालक इथे बसला असता तर माझ्या बोलण्यावर त्याला हरकत घ्यावीशी वाटली असती का? वाटली असती असे उत्तर आले, तर ते बोलू नका. वाचायला मोठा सुज्ञ सल्ला. पण इतिहासात बिनहरकतीचे किती उरते?

एका शिक्षकाला ते लवकरच कळले. १९०४ साली पॅरिसमधल्या आमेदे तालामास या इतिहासशिक्षकाने फ्रान्सची मध्ययुगीन वीरांगना जोन ऑफ आर्क हिला ऐकू आलेल्या दैवी आवाजांची चर्चा करताना ते भास असावेत असे सूचित केले. पालक बिथरले, वर्तमानपत्रे पेटली, रस्त्यावर मोर्चे निघाले आणि मंत्र्यांनी त्याची बदली केली. सरकार चर्चच्या कडव्या विरोधकांचे होते हे लक्षात घेतले म्हणजे या बदलीची गंमत कळते. आणखी चार वर्षांनी तो पॅरिसच्या सॉर्बोन विद्यापीठात व्याख्याने देऊ लागला, तेव्हा राजेशाहीवादी तरुणांनी ती उधळून लावली आणि त्याला मारहाणही केली. 'तिला आवाज ऐकू आले' असे लिहायचे की 'आवाज ऐकू आल्यासारखे तिला वाटले' असे, यावर फ्रान्समध्ये वर्षानुवर्षे भांडण चालले. १९०९ मध्ये तर बिशपांनी एकत्र पत्रक काढून डझनभर पाठ्यपुस्तकांवर बहिष्कार घातला.

जपानची गोष्ट वेगळ्या कारणासाठी पाहण्यासारखी आहे. तिथे एकाच देशात तीन पद्धती एकामागून एक येऊन गेल्या. सुरुवातीला खासगी प्रकाशकांची पुस्तके चालत. १९०२ मध्ये पुस्तके लावून घेण्यासाठी दिलेल्या लाचांचे मोठे प्रकरण बाहेर आले आणि पुढच्याच वर्षी सरकारने प्राथमिक शाळांसाठी स्वतःचे एकच पुस्तक काढायचे ठरवले. भ्रष्टाचार थांबला की नाही हा भाग वेगळा, पण आता पुस्तकातली प्रत्येक ओळ सरकारची ओळ झाली. परिणाम १९११ मध्ये दिसला. चौदाव्या शतकात जपानमध्ये उत्तरेचा आणि दक्षिणेचा असे दोन सम्राट-दरबार एकाच वेळी होते. पाठ्यपुस्तकाने दोन्ही सांगितले, दोघांना समान मानले. खरा सम्राट एकच असू शकतो, असा गहजब संसदेत झाला. पुस्तक लिहिणारे किता सादाकिची यांना कामावरून दूर केले गेले आणि दक्षिणेचा दरबार तेवढा खरा, असा निर्णय झाला. त्या वेळी गादीवर असलेला सम्राट स्वतः उत्तरेच्या घराण्यातला होता! पण पुस्तकाला त्याच्याशी काय देणेघेणे?

१९४५ च्या पराभवानंतर हीच पुस्तके मुलांच्या हातात होती आणि नवी छापायला कागद नव्हता. शिक्षकांनी मुलांना शाई आणि कुंचला घ्यायला सांगितले. लष्कराचा गौरव करणाऱ्या ओळी ज्यांनी पाठ करून घेतल्या होत्या, त्यांनीच त्या काळ्या करून घेतल्या. वर्षाच्या शेवटच्या दिवशी अमेरिकी ताबा प्रशासनाने नीतिशिक्षण, जपानी इतिहास आणि भूगोल हे तिन्ही विषय स्थगित केले.

त्यानंतर आली तिसरी पद्धत. लेखक-प्रकाशकांनी पुस्तके लिहावीत, शिक्षण मंत्रालयाने ती तपासून मंजूर करावीत आणि मंजूर पुस्तकांतून निवड स्थानिक पातळीवर व्हावी. या तपासणीशी साबुरो इएनागा हे इतिहासकार भांडले. त्यांच्या उच्च माध्यमिक शाळेच्या पुस्तकाला आधी नकार मिळाला आणि मग शेकडो दुरुस्त्या सुचवण्यात आल्या. युद्धाचे चित्रण फार काळे आहे, असा एकूण आक्षेप होता. १९६५ मध्ये त्यांनी सरकारवर पहिला दावा लावला, नंतर आणखी दोन. शेवटचा निकाल १९९७ मध्ये आला, म्हणजे ३२ वर्षांनी. सरकारला पुस्तके तपासण्याचा अधिकार आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. मात्र चीनमध्ये माणसांवर प्रयोग करणाऱ्या ७३१ क्रमांकाच्या लष्करी तुकडीचा उल्लेख काढायला लावणे बेकायदा ठरवले. भरपाई मिळाली ४ लाख येन. रक्कम किरकोळ, पण सरकारी शेऱ्याला न्यायालयात जाब विचारता येतो हे त्यातून सिद्ध झाले.

दबाव नेहमी सरकारातूनच येतो असेही नाही. अमेरिकेत यादवी युद्ध हरलेल्या दक्षिणेतल्या स्त्रियांची एक संघटना १८९४ मध्ये स्थापन झाली. तिच्या माजी इतिहासप्रमुख मिल्ड्रेड रदरफर्ड यांनी १९२० च्या सुमारास पुस्तके पारखण्याची एक मोजपट्टीच छापली. दक्षिणेने गुलामगिरी टिकवण्यासाठी युद्ध केले असे म्हणणारे पुस्तक नाकारा आणि ग्रंथालयातल्या प्रतीवर 'दक्षिणेवर अन्यायकारक' असा शेरा मारा, अशी सूचना त्यात होती. पुढे १९६० च्या दशकात टेक्सासमधल्या मेल आणि नॉर्मा गॅबलर या दांपत्याने घरी बसून पाठ्यपुस्तके ओळ न् ओळ तपासायला घेतली. टेक्सास तेव्हा पुस्तके राज्य पातळीवर मंजूर करून मोठ्या संख्येने खरेदी करी. तिथे नापास होणारे पुस्तक प्रकाशकाला परवडत नसे, म्हणून ती काटछाट इतर राज्यांतल्या मुलांपर्यंतही पोचली. १९९५ मध्ये राष्ट्रीय इतिहास-अभ्यासक्रमाच्या मसुद्याविरुद्ध सिनेटने ९९ विरुद्ध १ अशा मतांनी ठराव केला. जॉर्ज वॉशिंग्टनचे नाव त्यात पुरेसे येत नाही, ही तक्रार तेव्हा गाजत होती. कुणाचे नाव किती वेळा आले हे मोजणे हा इतिहासाच्या वादातला सर्वांत आळशी प्रकार, आणि सर्वांत परिणामकारकही.

भारतात या भांडणाचा पाया परक्यांनी घातला. जेम्स मिलने १८१७ च्या आपल्या ग्रंथात भारताच्या भूतकाळाचे हिंदू, मुस्लिम आणि ब्रिटिश असे भाग पाडले. पहिले दोन धर्मावरून आणि तिसरा मात्र देशावरून, ही विसंगती कुणाला खटकली नाही आणि तोच साचा शाळांत रुजला. मराठीत याला उत्तर लवकर मिळू लागले. ग्रँट डफच्या १८२६ च्या मराठ्यांच्या इतिहासाचे मराठी भाषांतर इथे वाचले जात होते. १८६० च्या दशकात नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने त्यावर परखड टीका लिहिली आणि मूळ कागदपत्रे शोधण्याच्या मराठी परंपरेला चालना मिळाली. पण संशोधकांच्या टीकेचे शाळेच्या पुस्तकात रूपांतर व्हायला फार काळ लागतो, आणि होते तेव्हा तिच्यातला 'कदाचित' गळून गेलेला असतो.

१९६१ मध्ये केंद्र सरकारची पाठ्यपुस्तके तयार करणारी संस्था, एनसीईआरटी, स्थापन झाली आणि रोमिला थापर, बिपन चंद्र, रामशरण शर्मा, सतीश चंद्र अशा नामवंत इतिहासकारांनी शाळेची पुस्तके लिहिली. १९७७ मध्ये जनता पक्षाचे सरकार आल्यावर त्यांतली काही पुस्तके राष्ट्रविरोधी असल्याची टिपणी पंतप्रधान मोरारजी देसाई यांच्याकडे गेली. पुढच्या वर्षी शर्मा यांचे प्राचीन भारतावरचे पुस्तक अभ्यासक्रमातून काढले गेले. सरकार बदलल्यावर ते परत आले. २००१ मध्ये पुन्हा परिच्छेद वगळले गेले. प्राचीन काळातले गोमांसभक्षण, महावीर, गुरू तेगबहादूर, जाट यांच्याविषयीच्या त्या ओळी होत्या आणि कारण दिले गेले समाजांच्या भावनांचे. त्यानंतर आलेल्या नव्या पुस्तकांपैकी नववीच्या पुस्तकात गांधीहत्येचा उल्लेखच नव्हता. ओरड झाल्यावर तो आला. नव्या अभ्यासक्रमाविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये फेटाळली. दोन वर्षांत सरकार बदलले आणि ती पुस्तकेही गेली.

हे एकाच पक्षाचे पाप नाही. पश्चिम बंगालमध्ये डाव्यांच्या राजवटीत, १९८९ मध्ये, राज्याच्या माध्यमिक शिक्षण मंडळाने परिपत्रक काढून मुस्लिम राजवटीविषयीच्या मजकुरात 'शुद्ध' आणि 'अशुद्ध' अशा दुरुस्त्या सुचवल्या होत्या. मंदिरांच्या विध्वंसाचे उल्लेख टाळावेत, असा त्यांचा रोख होता. महाराष्ट्रात चौथीच्या इतिहासाचे अख्खे वर्ष शिवचरित्राला दिलेले असे, त्यावर पक्षांनी फारशी हरकत घेतली नाही. २०१७ च्या सातवीच्या पुस्तकात मात्र मुघलांचा भाग बराच आटला आणि बातम्या झाल्या. २०२३ मध्ये कोविडनंतरचा ताण कमी करण्याचे कारण देऊन एनसीईआरटीने बारावीच्या इतिहासातून मुघल दरबारांवरचे प्रकरण काढले. गांधीहत्येनंतर राष्ट्रीय स्वयंसेवक संघावर आलेल्या बंदीविषयीच्या राज्यशास्त्रातल्या ओळीही गेल्या, आणि त्या तर जाहीर केलेल्या यादीतही नव्हत्या. २०२५ च्या आठवीच्या नव्या पुस्तकात मध्ययुगातल्या क्रौर्याची वर्णने आली आणि सोबत एक टीपही, की भूतकाळातल्या घटनांबद्दल आज कुणाला जबाबदार धरू नये. टीप योग्य आहे. ती द्यावीशी वाटली यातच बरेच काही आले.

शेजारी देशांत चित्र अधिक ठळक आहे. पाकिस्तानात झिया-उल-हक यांच्या काळात इस्लामी राष्ट्र हाच इतिहासाचा कणा झाला, के. के. अझीझ यांनी १९९३ मध्ये ६६ पाठ्यपुस्तके तपासून त्यांतल्या चुकांची जंत्री मांडली. बांगलादेशात स्वातंत्र्याची घोषणा मुजीबुर रहमान यांनी केली की लष्करी अधिकारी झियाउर रहमान यांनी, या प्रश्नाचे उत्तर सत्तेबरोबर बदलते. ऑगस्ट २०२४ च्या सत्तांतरानंतर २०२५ च्या पुस्तकांत ते पुन्हा बदलले. लेबनॉनमध्ये तर वेगळाच तिढा आहे. यादवी संपवणाऱ्या १९८९ च्या तैफ करारात सर्व धर्मपंथांसाठी इतिहासाचे एकच पुस्तक करण्याचे कलम होते. ते पुस्तक अजून झालेले नाही, कारण यादवीत दोषी कोण यावर एकमत नाही.

इतके सारे पाहिल्यावर मला आशयाच्या वादापेक्षा मंजुरीची वाट महत्त्वाची वाटते. एकच पुस्तक आणि एकच सही असेल तर सही करणारा बदलला की इतिहास बदलतो, मग तो कोणत्याही विचारांचा असो. परीक्षा त्यावर शिक्का मारते: 'कारणे द्या' या प्रश्नाला पुस्तकातले एकच कारण लिहायचे असेल, तर दुसरे पुस्तक वाचणारे मूल मूर्ख ठरते. याउलट निर्णयाच्या पायऱ्या जितक्या जास्त, तितके एखाद्या गटाचे काम अवघड. जपानमध्ये २००१ साली युद्धातले अत्याचार सौम्य करणारे एक पुस्तक सरकारी तपासणीत उत्तीर्ण झाले, शेजारी देशांनी निषेध केला. पण जवळजवळ कुठल्याच स्थानिक मंडळाने ते निवडले नाही. त्याचा वापर ०.०३९ टक्क्यांवर थांबला.

दक्षिण कोरियाने हा प्रयोग उलट दिशेनेही करून पाहिला. पार्क चुंग-ही यांच्या हुकूमशाहीत, १९७४ मध्ये, इतिहासाचे एकच सरकारी पुस्तक आले. लोकशाहीत ते हळूहळू जाऊन अनेक पुस्तके आली. २०१५ मध्ये त्यांच्या कन्या, राष्ट्राध्यक्ष पार्क गन-हे यांनी पुन्हा एकच सरकारी पुस्तक आणण्याचे जाहीर केले. इतिहासकारांनी लिहायला नकार दिला, विद्यार्थी रस्त्यावर उतरले. पुस्तक छापून झाले तेव्हा प्रायोगिक वापरासाठी देशभरातून एकच शाळा तयार झाली आणि तिथल्याही पालकांनी विरोध केला. मे २०१७ मध्ये नव्या राष्ट्राध्यक्षांनी शपथ घेतल्यावर दोनच दिवसांत ते पुस्तक रद्द केले. रद्द करणारी सहीसुद्धा एकाच माणसाची होती.