विट (इंग्रजी संज्ञा)

विट ही इंग्रजीतील एक जुनी संज्ञा. बुद्धीच्या चपळाईतून आलेले, मोजक्या शब्दांत बसवलेले आणि ऐकणाऱ्याला चटकन हसवणारे बोलणे, हा तिचा आजचा रूढ अर्थ. असे बोलणाऱ्या माणसालाही विट म्हणतात. मुळात मात्र या शब्दाचा हसण्याशी काडीचा संबंध नव्हता. जाण, अक्कल, भान एवढेच तो सांगत असे. हसू त्याला चिकटले ते सोळाव्या-सतराव्या शतकांत, आणि त्यानंतरही जुना अर्थ पुरता गेला नाही. या शब्दावरून इंग्रजी समीक्षेत पुढे जो मोठा वाद झाला, तो बराचसा या दुहेरीपणातूनच निघाला.

व्युत्पत्ती

जुन्या इंग्रजीत 'विट' म्हणजे मन, समज. आणि 'विटन' हे क्रियापद म्हणजे जाणणे. त्यामागचा इंडो-युरोपीय धातू 'पाहणे' आणि 'जाणणे' असे दोन्ही अर्थ देतो. संस्कृतातला 'विद्' हा त्याचाच भाऊबंद. त्यामुळे वेद, विद्या, विद्वान, निवेदन, संवेदना हे मराठीत रोज वापरले जाणारे शब्द विटचे दूरचे नातेवाईक ठरतात. संस्कृतात 'द' आणि इंग्रजीत 'ट' का, याचे उत्तर याकोप ग्रिम याने 1822 मध्ये मांडलेल्या ध्वनिनियमात आहे. दश आणि टेन, द्वि आणि टू, दन्त आणि टूथ या जोड्या पाहिल्या की तो नियम वेगळा समजावून सांगावा लागत नाही. लॅटिनमध्ये हाच धातू पाहण्याच्या अर्थाने राहिला, त्यातून 'व्हिडिओ' आला. ग्रीकमध्ये त्यातून 'आयडिया' आली.

या कुळातली सर्वांत जुनी खूण व्याकरणात सापडते. संस्कृतात 'अहं वेद' म्हणजे 'मी जाणतो'. अर्थ वर्तमानकाळाचा, पण रूप भूतकाळाचे. जुन्या इंग्रजीत 'मी जाणतो' यासाठी असलेले 'वाट' हे रूपही तसेच, आणि ग्रीक 'ओइदा'ही तसेच. म्हणजे 'मी पाहिले आहे, म्हणून मला ठाऊक आहे' हा विचार या भाषा वेगळ्या होण्याआधीच क्रियापदात गोठला होता.

मराठी वाचकाला दोन शब्द चकवतात. संस्कृत नाटकांत 'विट' नावाचे ठरीव पात्र असते: गणिकांच्या वस्तीत वावरणारा, कलांमध्ये मुरलेला, बोलण्यात तरबेज असा नागरक. 'मृच्छकटिका'तला शकाराचा सोबती विटच आहे, आणि 'भाण' हा एकपात्री नाट्यप्रकार तर विटाच्याच तोंडी असतो. स्वभाव आणि उच्चार इतके जुळत असले तरी हा निव्वळ योगायोग आहे. दुसरा शब्द 'विदग्ध'. अर्थाने तो विटच्या फार जवळ जातो, पण तो 'विद्' पासून आलेला नाही. तो 'दह्' पासून आला आहे. विदग्ध म्हणजे मुळात भाजून निघालेला.

जुन्या अर्थाचे अवशेष

अँग्लो-सॅक्सन राजांना सल्ला देणाऱ्या सभेला 'विटेनगेमोट' म्हणत, म्हणजे जाणत्यांची बैठक. 1066 मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले आणि ती सभा इतिहासजमा झाली. 'विटनेस' हा शब्द आधी ज्ञान, मग साक्ष आणि मग साक्षीदार असा सरकत गेला. कायद्याच्या कागदांत 'म्हणजेच, तपशील असा' या अर्थाने येणारा 'टू विट' अजून टिकून आहे. मति गुंग झाली की इंग्रज माणूस 'विट्स एंड'ला पोचतो. हा प्रयोग 1611 च्या बायबल भाषांतरात, 107 व्या स्तोत्रात, वादळात सापडलेल्या खलाशांविषयी आला आहे. मंदबुद्धी माणसासाठी असलेले 'हाफविट', 'निटविट' हे शब्दही अकलेचाच हिशेब मांडतात. निटविट माणूस विनोदी असू शकतो, त्याला अक्कल नसते एवढेच.

मध्ययुगीन युरोपात 'पाच विट' मोजत असत. कधी त्यांचा अर्थ पाच ज्ञानेंद्रिये असा होई, तर कधी सामान्य जाण, कल्पना, कल्पनातरंग, अदमास आणि स्मृती या पाच आंतरिक शक्ती. शेक्सपिअरच्या 141 व्या सुनीतात पाच विट आणि पाच इंद्रिये वेगवेगळी मोजली आहेत, आणि या दहांतले कोणीच एका मूर्ख हृदयाला आवरू शकत नाही अशी तक्रार आहे.

शेक्सपिअरच्या काळात शब्द दोन डगरींवर उभा होता. 'हॅम्लेट'मध्ये पोलोनियस म्हणतो की थोडक्यात बोलणे हा विटचा आत्मा आहे. आज हे वाक्य विनोदकारांना सल्ला म्हणून ऐकवले जाते. पोलोनियसला अभिप्रेत होती ती शहाणपणाची गोष्ट, आणि ती सांगताना हा गृहस्थ राजा-राणीसमोर पाल्हाळ लावून बसला आहे. विनोद आहे तो त्या विसंगतीत, वाक्यात नाही. दुसरीकडे 'मच अडो अबाउट नथिंग'मधल्या बिआट्रिस आणि बेनेडिकच्या चकमकींना नाटकातच विटच्या चकमकी म्हटले आहे, आणि तिथे आजचा अर्थ स्पष्ट दिसतो. शेक्सपिअरचाच फॉल्स्टाफ हा गमत्या सरदार तर, मी स्वतः विनोदी आहेच, शिवाय इतरांच्या विनोदाचे कारणही मीच, अशी फुशारकी मारतो. शेक्सपिअरच्याच काळातल्या लिली, ग्रीन, पील, नॅश, लॉज, मार्लो या विद्यापीठात शिकलेल्या लेखकांना 'युनिव्हर्सिटी विट्स' म्हणतात. हे नाव मात्र एकोणिसाव्या शतकात जॉर्ज सेंट्सबरी या समीक्षकाने दिले आहे.

विट आणि विवेक

सतराव्या शतकात विट ही कवीची मुख्य शक्ती मानली जाऊ लागली. वरवर काहीच साम्य नसलेल्या दोन गोष्टींतले साम्य झटक्यात दिसणे, ही ती शक्ती. जॉन डनच्या एका कवितेत दुरावलेले दोन प्रेमिक कंपासचे दोन पाय होतात: एक मध्यभागी रोवलेला, दुसरा फिरणारा, आणि फिरणारा जितका लांब जाईल तितका पहिला त्याच्याकडे झुकणारा. यात हसण्यासारखे काही नाही, पण त्या काळच्या भाषेत ही अस्सल विट होती.

तत्त्वज्ञांना या शक्तीविषयी संशय होता. जॉन लॉकने 1690 च्या आपल्या प्रबंधात विट आणि विवेक यांना समोरासमोर उभे केले. विट साम्ये गोळा करते आणि त्यांतून मनोहर चित्रे उभी करते. विवेक बारीकसारीक फरक पाहून गोष्टी वेगळ्या करतो, फसव्या साम्याला बळी पडत नाही. लॉकचा कौल अर्थातच विवेकाच्या बाजूने होता. जाणणे या अर्थाने जन्मलेल्या शब्दावर आता जाणण्याच्या आड येण्याचा आरोप आला, हे या इतिहासातले सर्वांत मोठे वळण म्हणता येईल.

जोसेफ ॲडिसनने 1711 च्या मे महिन्यात 'स्पेक्टेटर' या नियतकालिकात सलग काही निबंध लिहून खरी आणि खोटी विट यांची वाटणी केली. लॉकचे म्हणणे त्याने स्वीकारले आणि त्यात भर घातली: केवळ साम्य पुरत नाही, त्यातून आनंद आणि आश्चर्य दोन्ही व्हायला हवीत. त्याने दिलेले उदाहरण छोटे आणि नेमके आहे. प्रेयसीचा ऊर बर्फासारखा शुभ्र आहे, असे कवी म्हणाला तर त्यात विट नाही. 'आणि तितकाच थंडही' असे उसासा टाकून जोडले की विट जन्मते. साम्य जेव्हा कल्पनांचे असते तेव्हा विट खरी; अक्षरांचे, शब्दावयवांचे किंवा शब्दांचे असेल तर खोटी. श्लेष, अक्षरांची उलटापालट, ठरावीक अक्षर वगळून केलेली रचना, अंड्याच्या किंवा कुऱ्हाडीच्या आकाराच्या कविता, हे सगळे त्याने खोट्यात टाकले. एक-एक अक्षर गाळून 'ओडिसी' रचणाऱ्या त्रिफिओडोरस या प्राचीन कवीची त्याने यथेच्छ टिंगल केली आहे.

ॲडिसन 1719 मध्ये वारला. त्यानंतर दहा वर्षांनी जन्मलेल्या आणि पुढे बारामतीत स्थायिक झालेल्या मोरोपंतांनी नेमके हेच उद्योग मराठीत केले, आणि ते भक्तीने केले. त्यांच्या अनेक रामायणांपैकी 'निरोष्ठ रामायणा'त ओठांनी उच्चारायचे वर्ण वर्ज्य आहेत. 'म' हा ओष्ठ्य, तेव्हा रामाची कथा 'राम' न म्हणता सांगायची. मंत्ररामायणात रामाच्या त्रयोदशाक्षरी मंत्राची अक्षरे ओवली आहेत. ॲडिसनच्या न्यायाने ही खोटी विट. संस्कृत काव्यशास्त्राच्या न्यायाने श्लेष आणि यमक हे मान्य अलंकार आहेत, आणि चित्रकाव्याला अधम म्हणणाऱ्यांनीही त्याला काव्याच्या पंगतीतून उठवलेले नाही. ॲडिसनची विभागणी त्याच्या काळाची आवड सांगते. तिला सार्वत्रिक नियम मानण्याचे कारण नाही. मराठी माणूस चांगल्या कोटीला आजही दाद देतो.

1711 मध्येच अलेक्झांडर पोपची पद्यात लिहिलेली समीक्षा प्रसिद्ध झाली. सर्वांच्या मनात अनेकदा येऊन गेलेले, पण इतके नेटके कधीच न सांगितलेले ते विट, अशी त्याची व्याख्या प्रसिद्ध आहे. त्याच कवितेत तो हा शब्द बुद्धी, प्रतिभा, कवी, शब्दचमक अशा चार-पाच अर्थांनी वापरतो आणि ते बहुधा जाणूनबुजून करतो. सॅम्युएल जॉन्सनला ही व्याख्या पटली नाही. विचाराच्या बळावरून तिने विटला नुसत्या भाषेच्या सफाईवर आणून ठेवले, असे त्याने 1779 मध्ये काउली या कवीच्या चरित्रात लिहिले. त्याच लेखात डन आणि मंडळींच्या कल्पना जबरदस्तीने एका जुवाला जुंपल्या आहेत असा ठपकाही आहे. डनचे पुनर्वसन व्हायला विसावे शतक उजाडावे लागले. टी. एस. एलियटने 1921 मध्ये मार्व्हेल या सतराव्या शतकातल्या कवीवर लिहिताना विट म्हणजे हलक्या भावमाधुर्याखाली असलेला चिवट समंजसपणा, असे म्हटले. शब्द पुन्हा मूळ अर्थाजवळ आला.

कॉफीघर, जिना आणि जेवणाचे टेबल

इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्या दरबारात अर्ल ऑफ रॉचेस्टर आणि त्याच्या सोबत्यांमुळे विट हा माणसाचा प्रकार झाला. लंडनच्या कॉव्हेंट गार्डनजवळ विल्स कॉफीघरात जॉन ड्रायडन या कवीची बैठक असे, आणि तिथे बसायला मिळणे म्हणजे विट म्हणून मान्यता मिळणे. ड्रायडननेच 1677 मध्ये 'विटी'ला 'क्रिटिसिझम'चे शेपूट जोडून 'विटिसिझम' हा शब्द घडवला आणि नवा शब्द वापरल्याबद्दल त्याच वाक्यात माफीही मागितली. विट होऊ पाहणाऱ्या पण न जमलेल्या उमेदवारांचीही रेलचेल होती. काँग्रीव्हच्या 1700 मधील नाटकातल्या अशा एका पात्राचे नावच विटवुड आहे.

या प्रकारात वेळेला फार महत्त्व. नेकर या फ्रेंच मुत्सद्द्याच्या घरच्या जेवणात कोणी असे काही बोलला की दिदेरो या फ्रेंच विचारवंताची वाचाच बसली. योग्य उत्तर सुचते ते जिना उतरून गेल्यावर, असे त्याने लिहून ठेवले. त्यातून फ्रेंचमध्ये 'जिन्यावरची विट' हा वाक्प्रयोग आला आणि जर्मनने तो उचलला. मराठीत आपण वरातीमागून घोडे म्हणतो. न्यूयॉर्कच्या अल्गोंक्विन हॉटेलात 1919 पासून सुमारे दहा वर्षे रोज दुपारी जेवायला जमणाऱ्या लेखक-पत्रकारांच्या टोळक्यात हे घोडे वेळेवर आणणाऱ्यांचीच चलती होती. त्यांच्यातल्या डोरोथी पार्करने पुढे 1956 च्या एका मुलाखतीत सांगितले की विटमध्ये सत्य असते, नुसती टोलेबाजी म्हणजे शब्दांची कसरत.

विट आणि ह्यूमर यांतला भेद विल्यम हॅझलिटने 1819 मध्ये सांगितला तो अजून कामाचा आहे: ह्यूमर हास्यास्पद गोष्ट आहे तशी दाखवतो, विट ती दुसऱ्या कशाशी तरी भिडवून उघडी पाडते. मराठीत 'विनोद' दोन्हींना पुरतो, म्हणून अनुवादकाला प्रसंग पाहून शब्द निवडावा लागतो. डनच्या विटला कल्पनाचातुर्य म्हणता येते, पार्करच्या विटला हजरजबाबीपणा; श्लेषाला कोटी आहेच. अत्र्यांना विटी म्हणावे की विनोदी, याचे उत्तर बोलणारा त्यांचे भाषण आठवतो आहे की नाटक, यावर अवलंबून असते.

असाच पेच जर्मनवरून इंग्रजीत येताना पडला. जर्मन 'विट्झ' हा शब्द विटचा सख्खा भाऊ; तोही आधी अक्कल आणि मग विनोद झाला. पण जर्मनमध्ये तो खाली उतरून साध्या चुटक्यापर्यंत गेला. झिगमुंड फ्रॉइडने 1905 मध्ये विट्झ आणि अबोध मन यांच्या नात्यावर ग्रंथ लिहिला. हाइने या जर्मन कवीच्या लेखनातला एक गरीब लॉटरीवाला, धनाढ्य बँकर रोथशिल्डने मला अगदी बरोबरीने, 'फॅमिलिओनेअर'पणाने वागवले, असे सांगतो. आपुलकी ('फॅमिलिअर') आणि कोट्यधीश असणे ('मिलिओनेअर') एकाच शब्दात कसे कोंबले गेले हे उलगडण्यापासून फ्रॉइड सुरुवात करतो. पुढे ज्यू लग्न जुळवणारे मध्यस्थ आणि भिक्षेकरी यांचे किस्सेही भरपूर येतात. ए. ए. ब्रिलच्या 1916 च्या इंग्रजी अनुवादात शीर्षकात 'विट' होते. 1960 मध्ये जेम्स स्ट्रेचीने ते बदलून 'जोक्स' केले: इंग्रजीत विट म्हटले की फक्त उच्चभ्रू, बौद्धिक विनोदच डोळ्यांसमोर येतो, आणि फ्रॉइडचे मध्यस्थ व भिक्षेकरी त्यात बसत नाहीत, हे कारण त्याने प्रस्तावनेत दिले आहे.