एका तिकिटामागची सव्वाशे वर्षं

सकाळच्या स्टँडअपला, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या बैठकीत, पडद्यावर एक तिकीट, म्हणजे एका कामाची नोंद, उघडतं. त्यावर शेवटची तारीख असते. 'हे काम दुसऱ्या अमुक कामामुळे अडलंय' अशी जोडणी असते. 'इन प्रोग्रेस' किंवा 'इन रिव्ह्यू' अशी स्थिती असते. आणि बोर्डावरच्या रकान्याच्या डोक्यावर कधीकधी एक आकडा असतो, म्हणजे या रकान्यात एका वेळी इतकीच कामं. टीमच्या कामांची नोंद ठेवणारं जिरा, असाना, ट्रेलो, कुठलंही सॉफ्टवेअर वापरा, या चार गोष्टी थोड्याफार फरकाने सापडतातच. शेजारी शेजारी दिसतात म्हणून त्या एकाच डोक्यातून निघाल्या असाव्यात असं वाटतं. पण प्रत्येकीचा जन्म वेगळ्या ठिकाणचा आणि वेगळ्या अडचणीतून झालेला आहे. ती अडचण कोणती होती हे माहीत असेल, तर आपल्या टीमला यातलं नेमकं काय हवंय हे ठरवता येतं.

तारखेपासून सुरुवात करू. पोलंडचे अभियंते कारोल अदामियेत्स्की पोलादाच्या रोलिंग मिलमध्ये काम करत. एक यंत्र चालू आणि पुढचं रिकामं, हे ते रोज बघत होते. १८९६ मध्ये त्यांनी 'हार्मोनोग्राम' नावाचा तक्ता तयार केला. प्रत्येक कामाची एक कागदी पट्टी, तिच्यावर वेळ दाखवणारी सरकती खूण, आणि त्याच पट्टीवर या कामाच्या आधी कोणतं काम आणि नंतर कोणतं याची नोंद. वेळापत्रक बदललं की खुणा सरकवायच्या. आज आपण माऊसने टाइमलाइनवरची पट्टी ओढतो, तेच ते बोटांनी करत होते. त्यांचं लेखन पोलिश आणि रशियन भाषांत होतं, त्यामुळे इंग्रजी वाचणाऱ्या जगाला त्याची फारशी खबर लागली नाही. पोलिश भाषेत मात्र वेळापत्रकाला आजही 'हार्मोनोग्राम'च म्हणतात.

नाव लागलं ते अमेरिकेच्या हेन्री गँट यांचं. पहिल्या महायुद्धात अमेरिकी लष्कराच्या शस्त्रनिर्मितीत आणि जहाजबांधणीत त्यांचे तक्ते वापरले गेले. १९१९ मध्ये गँट वारले आणि १९२२ मध्ये त्यांचे सहकारी वॉलेस क्लार्क यांच्या पुस्तकामुळे ही पद्धत देशोदेशी पोचली. या तक्त्याचा मूळ प्रश्न साधा होता : आजवर किती व्हायला हवं होतं आणि किती झालं? एका कामापासून दुसऱ्याकडे जाणारे बाण त्यात नव्हते. आज सॉफ्टवेअरमध्ये दिसणारा 'गँट चार्ट' म्हणजे मूळ गँट तक्ता आणि कोणतं काम कशावर अवलंबून हे दाखवणारं, नंतर आलेलं जाळं यांचा संकर आहे.

याच काळात एक जोडपं वेगळ्याच दिशेने बघत होतं. फ्रँक गिलब्रेथ यांनी उमेदवारी विटा रचण्याच्या कामात केली होती, आणि एक वीट बसवायला गवंडी किती हालचाली करतो याची मोजदाद त्यांनी केली होती. लिलियन गिलब्रेथ मानसशास्त्रज्ञ होत्या. १९२१ मध्ये यंत्र अभियंत्यांच्या अमेरिकी संघटनेसमोर 'प्रोसेस चार्ट' मांडला गेला. कामाची वाट चित्राने दाखवायच्या आजच्या सगळ्या पद्धती या घराण्यातल्या. १९४७ मध्ये त्याच संघटनेने चिन्हं पाचांवर आणली : गोल म्हणजे प्रत्यक्ष काम, बाण म्हणजे ने-आण, चौकोन म्हणजे तपासणी, 'डी' म्हणजे खोळंबा, उलटा त्रिकोण म्हणजे साठवण. मला या पाचांत सगळ्यात मोलाचा वाटतो तो 'डी'. खोळंब्याला स्वतःचं चिन्ह मिळालं, म्हणजे तो चित्रात दाखवणं भाग पडलं. आजच्या बहुतेक बोर्डांवर त्याला जागाच नसते.

'अमुकमुळे अडलंय' ही जोडणी आली रासायनिक कारखान्यातून आणि पाणबुडीतून. ड्यूपॉन्ट कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी १९५७ च्या सुमारास युनिव्हॅक या सुरुवातीच्या मोठ्या संगणकावर कामांचं जाळं मांडलं. प्रश्न असा होता की कारखाना देखभालीसाठी बंद केला तर शेकडो कामांपैकी नेमकी कोणती कामं लांबली की सगळंच लांबतं? ती कामांची साखळी म्हणजे क्रिटिकल पाथ. साखळीबाहेरचं काम दोन तास उशिरा झालं तरी चालतं, साखळीतलं दहा मिनिटंही चालत नाही. ड्यूपॉन्टच्या अमेरिकेतल्या लुइव्हिलच्या कारखान्यात ही पद्धत लावल्यावर बंद ठेवण्याचा काळ सरासरी १२५ तासांवरून ९३ तासांवर आला.

१९५८ मध्ये अमेरिकी नौदलाच्या, पाणबुडीतून डागायच्या पोलारिस क्षेपणास्त्रासाठी 'पर्ट' ही नियोजनाची पद्धत तयार झाली. हजारो कंत्राटदार, आणि बरंचसं काम आधी कुणी न केलेलं. म्हणून प्रत्येक कामासाठी तीन अंदाज घ्यायचे : सगळं सुरळीत झालं तर, बहुधा लागेल तितका, आणि सगळं बिघडलं तर. मधल्या अंदाजाला चौपट वजन देऊन तिन्हींची सरासरी काढायची. पोलारिस ठरल्यापेक्षा लवकर तयार झालं आणि जुलै १९६० मध्ये पाण्याखालून पहिल्यांदा डागलं गेलं. श्रेय पर्टला मिळालं, आणि सरकारी कंत्राटांत ती पद्धत पसरली.

पण इथे थांबायला हवं, कारण पुढचा सगळा इतिहास या जागी वळतो. राज्यशास्त्राचे अभ्यासक हार्वी सॅपोल्स्की यांनी पोलारिसचा सखोल अभ्यास करून १९७२ मध्ये ग्रंथ लिहिला. त्यांना दिसलं ते असं : प्रत्यक्ष काम करणाऱ्या तंत्रज्ञांना पर्टचा उपयोग थोडा होता. त्याचा मोठा उपयोग झाला तो वरच्यांची खात्री पटवायला. एवढी शास्त्रशुद्ध पद्धत आहे म्हटल्यावर वॉशिंग्टनमधली ढवळाढवळ कमी झाली आणि खाली लोकांना निवांत काम करता आलं. म्हणजे तक्त्याची दोन गिऱ्हाइकं असतात हे तेव्हापासून उघड आहे. एक काम करणारा, दुसरा हिशेब मागणारा. दोघांना लागणारं चित्र एक नसतं. टीमची तक्रार 'दिवसभर बोर्डच भरत बसतो' अशी असेल, तर तिचं मूळ शोधायला इथवर यावं लागतं.

पुढची वीस-पंचवीस वर्षं ही जाळी मोठ्या संगणकांवर आणि मोठ्या कंपन्यांतच राहिली. १९८३ मध्ये नियोजनाचं सॉफ्टवेअर बनवणारी प्रिमावेरा कंपनी सुरू झाली, १९८४ मध्ये छोट्या संगणकांच्या डॉस प्रणालीवर चालणारं मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट आलं, आणि वेळापत्रक टेबलावरच्या संगणकात शिरलं. तरी ते उघडायचा मॅनेजर. टीमला मिळायचं ते छापील पान.

टीमच्या हातात आलेलं पहिलं साधन वेगळ्याच घरातून आलं : बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुका, नोंदवायच्या यंत्रणेतून. मोझिला या ब्राउझर बनवणाऱ्या प्रकल्पाची बगझिला १९९८ मध्ये खुली झाली. नवा, सोपवलेला, सोडवलेला, पडताळलेला, बंद, अशा अवस्थांतून प्रत्येक बग जायचा. २००२ मध्ये सिडनीच्या ॲटलासियन कंपनीने जिरा आणलं. नाव 'गोजिरा'वरून, म्हणजे गॉडझिलाच्या जपानी नावावरून, आणि बगझिलाशी नातं सांगणारं. आपण आज प्रत्येक कामाला, अगदी एचआरच्या जाहिरातीलाही, एक 'स्टेटस' देतो ही सवय बगांची आहे. बगला ती शोभते, कारण बग एक तर आहे नाही तर नाही. नव्या कल्पनेचं, मजकुराचं, डिझाइनचं तसं नसतं. ते अर्धं होतं, मागे जातं, पुन्हा येतं. म्हणून तिथे 'डन' या शब्दावरून टीममध्ये वाद होतात. तो वाद माणसांच्या स्वभावाचा कमी आणि उसन्या घेतलेल्या रकान्यांचा जास्त.

राहिला आकडा. टोयोटाच्या मशीन शॉपमध्ये ताइची ओनो यांनी १९५० च्या दशकात 'कानबान' पत्रं, म्हणजे माल मागवणाऱ्या चिठ्ठ्या, फिरवायला सुरुवात केली. अमेरिकी सुपरमार्केटच्या फळीवरून जेवढं उचललं जातं तेवढंच पुन्हा भरतात, हा त्यांचा नमुना. पत्र आल्याशिवाय मागच्याने माल बनवायचा नाही. पत्रांची संख्या ठरलेली, म्हणून मधे साचणारा मालही ठरलेला.

ही कल्पना सॉफ्टवेअरमध्ये आली त्या गोष्टीत आपल्याकडचं एक शहर आहे, आणि ते फारसं सांगितलं जात नाही. २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या अंतर्गत प्रणालींची देखभाल करणारी एक छोटी टीम हैदराबादेत होती. मूठभर डेव्हलपर, मूठभर टेस्टर. बदलाची एक मागणी पूर्ण व्हायला सरासरी पाच महिने लागत, आणि रांग वाढतच होती. मॅनेजर ड्रॅगोस दुमित्रिउ यांनी सॉफ्टवेअर व्यवस्थापनावर लिहिणारे डेव्हिड अँडरसन यांच्या मदतीने काम खरोखर कसं वाहतं याचं चित्र काढलं. त्यात जे दिसलं ते कुठल्याच अहवालात नव्हतं. प्रत्येक नव्या मागणीचा अंदाज अठ्ठेचाळीस तासांत द्यायचा नियम होता, आणि एका अंदाजात एका डेव्हलपरचा आणि एका टेस्टरचा जवळपास दिवस जायचा. टीमची साधारण एक तृतीयांश ताकद अंदाज काढण्यातच संपत होती, आणि अंदाज काढलेल्या कितीतरी मागण्या नंतर बाजूला पडत. त्यांनी अंदाज बंद केले, आणि टीमपुढे एका वेळी मोजकीच कामं ठेवायचं ठरवलं. बाकीची रांगेत. साधारण वर्षभरात पाच महिन्यांचे दोन आठवडे झाले. कुणालाही जास्त तास बसवलं नव्हतं.

यामागचं गणित जुनं आहे. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम सांगतो : हातातली कामं भागिले पूर्ण होण्याचा वेग, म्हणजे एका कामाला लागणारा सरासरी वेळ. हातात बारा तिकिटं आणि आठवड्याला चार पूर्ण होत असतील, तर प्रत्येकाला तीन आठवडे. वेग तोच ठेवून हातात सहाच घेतली, तर दीड.

मग हे सगळं पडद्यावर एकत्र आलं. एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग या पद्धतीने सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांची भिंतीवरची कार्डं आधीपासून होती. २००९ मध्ये ॲटलासियनने ग्रीनहॉपर नावाचं प्लगइन, म्हणजे जिराला जोडायचं पूरक सॉफ्टवेअर, विकत घेतलं आणि जिरामध्ये बोर्ड स्थिरावला. २०११ मध्ये ट्रेलो आलं आणि बोर्ड लग्नाच्या याद्यांपर्यंत पोचला. २०१७ मध्ये तेही ४२.५ कोटी डॉलरला ॲटलासियनकडे गेलं.

आमच्या टीमचा बोर्ड दोन वर्षं चार रकान्यांचा होता. 'इन प्रोग्रेस'मध्ये कायम पंधरा-सोळा तिकिटं. एका दुपारी आम्ही पूर्ण झालेलं एकच तिकीट घेतलं आणि कागदावर त्याचा प्रवास गिलब्रेथांच्या पाच चिन्हांत काढला. तिकीट एकोणीस दिवस 'इन प्रोग्रेस' होतं. गोल आणि चौकोन मिळून तीन दिवसांचे भरले. उरलेले सगळे 'डी', आणि त्यातले बहुतेक ग्राहकाकडून चाचणीचा डेटा येण्याची वाट बघण्यात गेलेले. बोर्डावर 'डेटाची वाट' असा नवा रकाना आला, डोक्यावर ३ हा आकडा. पहिल्याच आठवड्यात तो भरला, चौथं तिकीट आत जाईना, आणि डेटासाठी फोन कुणी करायचा हे पहिल्यांदा ठरलं.