पिंक फ्लॉइडमधील गीतलेखनाची सूत्रे

पिंक फ्लॉइड हा १९६५ साली लंडनमध्ये उभा राहिलेला रॉक बँड. गाणी कोणी लिहायची आणि अल्बमचा आशय कोणी ठरवायचा, याची सूत्रे या बँडमध्ये सिड बॅरेट यांच्याकडून चौघांच्या हाती, चौघांकडून रॉजर वॉटर्स यांच्याकडे आणि अखेर डेव्हिड गिल्मर यांच्याकडे गेली. अल्बमांवर छापलेली श्रेये क्रमाने वाचत गेले, तरी हा सगळा प्रवास उलगडतो.

वॉटर्स (बेस गिटार), निक मेसन (ड्रम) आणि रिचर्ड राइट (की-बोर्ड) हे रीजंट स्ट्रीट पॉलिटेक्निकमध्ये वास्तुकला शिकत होते. केंब्रिजचे बॅरेट चित्रकला शिकायला लंडनला आले होते. बँडचे नाव त्यांनी सुचवलेले आणि गाणीही बहुतेक त्यांचीच. ऑगस्ट १९६७ मध्ये आलेल्या ‘द पायपर ॲट द गेट्स ऑफ डॉन’ या पहिल्या अल्बममधील ११ पैकी ८ रचना एकट्या बॅरेट यांच्या आहेत. वॉटर्स यांच्या एकट्याच्या नावावर फक्त एक. त्याच वर्षी एलएसडी या अमली पदार्थाचे सेवन आणि ढासळते मानसिक स्वास्थ्य यांमुळे बॅरेट यांना मंचावर उभे राहणेही अवघड होऊ लागले. जानेवारी १९६८ मध्ये गिटारवादक गिल्मर यांना घेण्यात आले. बॅरेट यांनी घरी राहून फक्त गाणी लिहावीत, असा विचार होता. तो टिकला नाही. एका कार्यक्रमाला निघताना उरलेल्यांनी त्यांना घ्यायला गाडी वळवलीच नाही आणि एप्रिलमध्ये ते बाहेर पडल्याचे जाहीर झाले. पीटर जेनर व अँड्र्यू किंग हे व्यवस्थापकही बॅरेट यांच्याबरोबर गेले, कारण ज्याच्याकडे गाणी तोच बँड, असे त्यांना वाटत होते. १९६८ साली ही समजूत मुळीच चुकीची नव्हती.

मागे उरलेल्यांपैकी कोणीच सिद्धहस्त गीतकार नव्हता, आणि या उणिवेतूनच एकत्र बसून रचना बांधण्याची त्यांची रीत घडली. ‘अ सॉसरफुल ऑफ सीक्रेट्स’ या दीर्घ रचनेचा आराखडा वॉटर्स व मेसन यांनी इमारतीचा नकाशा काढावा तसा कागदावर काढला होता. ‘उमागुमा’मध्ये (१९६९) प्रत्येकाला तबकडीची अर्धी बाजू वाटून दिली, एकट्याने ती पेलणे कोणालाच फारसे जमले नाही. १९७१ च्या ‘एकोज’मध्ये मात्र ही रीत फळाला आली. लेस्ली या फिरत्या स्पीकरमधून वाजवलेल्या राइट यांच्या पियानोच्या एका स्वरापासून ही सुमारे २३ मिनिटांची रचना सुरू होते आणि तिचे श्रेय चौघांनाही आहे. वॉटर्स यांच्या पुढच्या कर्तबगारीची चर्चा करताना हा काळ तयारीचा म्हणून बाजूला ठेवला जातो, ते योग्य नाही. पुढची प्रत्येक मोठी रचना याच सवयीवर उभी आहे.

‘द डार्क साइड ऑफ द मून’चे (१९७३) सगळे शब्द वॉटर्स यांचे. एका अल्बमचे संपूर्ण काव्य एका हातचे असण्याची ही बँडमधली पहिलीच वेळ. चाली मात्र वाटल्या गेलेल्या होत्या. ‘अस अँड देम’ची चाल राइट यांनी आन्तोनिओनी यांच्या ‘झब्रिस्की पॉइंट’ या चित्रपटासाठी केली होती; तिथे ती वापरली गेली नाही आणि पुढे वॉटर्स यांनी तिला शब्द दिले. ‘द ग्रेट गिग इन द स्काय’मध्ये गाण्याचे शब्दच नाहीत, आहे ती क्लेअर टोरी यांची उत्स्फूर्त आलापी. तिच्याबद्दल त्यांना तेव्हा ठरावीक मेहनताना मिळाला. सहरचनाकार म्हणून नाव लागले ते २००५ मध्ये, न्यायालयात गेल्यानंतर.

गाण्याचे श्रेय म्हणजे शब्द आणि चाल, असा पाश्चात्त्य संगीतव्यवसायाचा जुना रिवाज आहे. ड्रमची लय, ऑर्गनचा रंग, मध्येच येणारा गिटारचा तुकडा हे सहसा त्यात धरले जात नाही. त्यामुळे लिहिणाऱ्याकडे पैसाही जातो आणि निर्णयाचा अधिकारही. ‘अ‍ॅनिमल्स’मध्ये (१९७७) हे उघडे पडले. गिल्मर यांचा वाटा होता तो १७ मिनिटांच्या ‘डॉग्ज’मध्ये, पण रॉयल्टी गाण्यांच्या संख्येवर ठरत होती. वॉटर्स यांचे ‘पिग्ज ऑन द विंग’ हे छोटे गाणे दोन भागांत छापल्याने दोनदा मोजले गेले. राइट यांचे नाव एकाही गाण्याखाली नव्हते. (पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरी यांच्या क्वीनने १९८९ च्या ‘द मिरॅकल’पासून सगळी गाणी बँडच्या नावे लावून हा पेच सोडवला. द डोअर्स या अमेरिकन बँडने उलट, १९६९ मध्ये सामाईक श्रेय मोडून वैयक्तिक नावे लावली.)

१९७८ साली बँडचे गुंतवणुकीत मोठे नुकसान झाले होते. वॉटर्स यांनी दोन अल्बमांचे कच्चे ध्वनिमुद्रण पुढे ठेवले. इतरांनी त्यांतले ‘द वॉल’ निवडले. गिल्मर यांच्या चालीवर वॉटर्स यांनी शब्द लिहिलेले ‘कम्फर्टेबली नम’ हे त्यातले सर्वांत ताकदीचे गाणे ठरावे, यात नवल नाही. दोघांच्या वादातूनच ते आकाराला आले. याच काळात राइट यांना काढून टाकण्यात आले आणि दौऱ्यात ते पगारी वादक म्हणून वाजवत राहिले. ‘द फायनल कट’ची (१९८३) सगळी गाणी वॉटर्स यांची. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये इटलीतील अँझिओच्या लढाईत मारल्या गेलेल्या वडिलांचे दुःख त्यात तीव्रतेने आले आहे, पण त्याला उत्तर देणारा दुसरा संगीतकार तिथे उरला नव्हता. अल्बमवर छापले गेले : रचना रॉजर वॉटर्स, सादरकर्ते पिंक फ्लॉइड.

१९८५ मध्ये वॉटर्स बाहेर पडले. नावावरून न्यायालयीन वाद झाला आणि डिसेंबर १९८७ मध्ये तो तडजोडीने मिटला : नाव गिल्मर व मेसन यांच्याकडे, ‘द वॉल’चे हक्क वॉटर्स यांच्याकडे. गिल्मर यांच्याकडे चालींची वाण नव्हती. अडचण शब्दांची होती. त्यासाठी आधी अँथनी मूर आणि नंतर पत्रकार-लेखिका पॉली सॅमसन आल्या. ‘द डिव्हिजन बेल’ची (१९९४) सुरुवात गिल्मर, मेसन आणि बँडमध्ये परतलेले राइट या तिघांनी एकत्र बसून वाजवलेल्या तुकड्यांपासून झाली, ‘एकोज’च्या दिवसांसारखीच. त्या अल्बममध्ये राइट यांचे नाव १९७५ नंतर प्रथमच गाण्यांखाली आले आणि ‘वेअरिंग द इनसाइड आउट’ हे गाणे त्यांनी स्वतः गायले.