सुपरडार्न की आयस्कॅट? रडार दोन्ही, पण दिसतं वेगळं

कस्तुरचंद पार्कजवळच्या ठेल्यावर तर्री पोहे खात होतो. वर पावसाची रिपरिप. सोबतचा एमएस्सीचा विद्यार्थी मोबाइलवर नागपूरच्या हवामान रडारचं चित्र बघत होता. मध्येच म्हणाला, "सर, ढग रडारनं दिसते, ध्रुवावरचा प्लाझ्माही रडारनंच दिसते म्हणता. मग त्याच्यात अजून दोन प्रकार कायले? दोघंही इको पकडते, दोघंही डॉप्लर मोजते."

प्रश्न रास्त होता. (इको म्हणजे आदळून परतलेला तरंग, आणि डॉप्लर म्हणजे सरकत्या वस्तूवरून परतताना तरंगाच्या फ्रिक्वेन्सीत पडणारा फरक; त्यावरून वेग कळतो.) सुपरडार्नसारखी कोहिरंट आणि आयस्कॅटसारखी इनकोहिरंट स्कॅटर रडारं यांत भल्याभल्यांची गल्लत होते, आणि त्याला नावंही थोडी जबाबदार आहेत.

आधी मोजायचं काय ते बघू. सौरवाऱ्याचा, म्हणजे सूर्याकडून येणाऱ्या भारित कणांच्या झोताचा, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी संबंध येतो आणि ध्रुवांवरच्या आयनांबरात, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात, विद्युतक्षेत्र तयार होतं. चुंबकीय बलरेषा तिथे जवळजवळ उभ्या असतात. उभं चुंबकीय क्षेत्र आणि आडवं विद्युतक्षेत्र एकत्र आलं की तिथला प्लाझ्मा, म्हणजे सुटे इलेक्ट्रॉन आणि भारित अणू (आयन) असलेला वायू, दोघांनाही काटकोनात सरकतो. विद्युतक्षेत्र मीटरला 25 मिलिव्होल्ट आणि चुंबकीय क्षेत्र 50,000 नॅनोटेस्ला धरलं, तर भागाकार येतो सेकंदाला 500 मीटर, म्हणजे ताशी 1,800 किलोमीटर. हा प्लाझ्मा सहसा ध्रुवावरून दिवसाच्या बाजूकडून रात्रीच्या बाजूला जातो आणि दोन्ही कडांनी, ध्रुवप्रकाशाच्या पट्ट्यातून, परत येतो. नकाशावर दोन भोवरे दिसतात. ते टिपायला दोन्ही रडारं लागतात.

आता सुपरडार्न. कॅनडातल्या गूज बे इथे 1983 साली सुरू झालेल्या रडारपासून हे जाळं वाढत गेलं. आज दोन्ही ध्रुवांभोवती मिळून तीसहून जास्त रडारं आहेत. त्यांचे तरंग 8 ते 20 मेगाहर्ट्झचे, म्हणजे शॉर्टवेव्ह रेडिओच्याच घरातले. ही रडारं प्लाझ्मातल्या सुरकुत्या बघतात. बलरेषांच्या दिशेने लांबट पसरलेले घनतेचे कमी-जास्त पट्टे प्लाझ्मात उठत असतात. आमच्या ठेल्याच्या छपराचा पन्हाळी पत्रा डोळ्यांपुढे आणा: उंचवटा, खोलगट, पुन्हा उंचवटा. दोन उंचवट्यांमधलं अंतर तरंगलांबीच्या बरोबर निम्मं असेल, तर प्रत्येक पट्ट्यावरून परतलेला तरंग दुसऱ्याच्या तालात येतो आणि सगळे मिळून दणदणीत इको देतात. 10 मेगाहर्ट्झला तरंगलांबी 30 मीटर, म्हणजे 15 मीटरच्या सुरकुत्या. हे तालात येणं म्हणजेच 'कोहिरंट'. त्यामुळे सुमारे 10 किलोवॉटच्या ट्रान्समीटरवरही काम भागतं आणि एक रडार तीन हजार किलोमीटरपलीकडचंही बघतं.

डॉप्लरचा हिशेब तिथेच पेपर नॅपकिनवर करून दाखवला. वेग 500 मीटर, दुप्पट केला, 30 ने भागला: फरक फक्त 33 हर्ट्झ. एक कोटी हर्ट्झमध्ये तेहतीस! पोरानं नॅपकिन खिशात घातला.

पण यात एक मेख आहे. इकोसाठी किरण बलरेषेला काटकोनात भिडावा लागतो. ध्रुवाकडे बलरेषा उभ्या, म्हणून किरण आडवा व्हायला हवा. शॉर्टवेव्ह आयनांबरात वाकते, म्हणून ते जमतं. याहून बऱ्याच वरच्या फ्रिक्वेन्सीचा किरण सरळ निघून जातो आणि दोन-तीनशे किलोमीटर उंचीवर तो काटकोन साधत नाही. (आपल्याकडे भूमिती उलटी. चुंबकीय विषुववृत्ताजवळ बलरेषा आडव्या, म्हणून आंध्रातल्या गादंकीच्या 53 मेगाहर्ट्झच्या रडारला आपला झोत आकाशात जरासा उत्तरेकडे कलवला की काम होतं.) शिवाय वाकलेला किरण कधी कधी जमिनीवर आपटून परत येतो. त्याचा वेग जवळजवळ शून्य दिसतो आणि नवखा माणूस त्याला 'थांबलेला प्लाझ्मा' समजून बसतो. सुपरडार्नच्या आलेखांत असे इको बहुधा करड्या रंगात वेगळे दाखवतात. ती करडी जागा प्लाझ्माबद्दल काही सांगत नाही.

मारबतीच्या दिवशी इतवारीतल्या एखाद्या गच्चीवर उभं राहा. खाली मुंग्यांसारखी माणसं, एकेक ओळखू येत नाही. पण बडगे, म्हणजे मिरवणुकीतले मोठाले पुतळे, दिसतात, आणि बडगा ज्या वेगानं पुढे सरकतो त्यावरून गर्दी किती वेगानं चालली ते कळतं. सुपरडार्न बडगे बघतं. ज्या गल्लीत बडगा नाही तिथे गर्दीच नाही, असं कोणी म्हणेल का? तसंच नकाशावरच्या कोऱ्या चौकोनाचं, म्हणजे जिथून इको आलाच नाही त्या जागेचं. तिथे सुरकुत्या नसतील, किंवा किरण काटकोनात पोचला नसेल. प्लाझ्मा खुशाल धावत असेल.

आयस्कॅट गर्दीतल्या माणसांनाच बघतं. नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला त्याची मोठी रडारं आहेत आणि स्वालबार्डमधल्या लाँगयीअरब्येनला 32 आणि 42 मीटरच्या दोन डिश. तिथली फ्रिक्वेन्सी 500 मेगाहर्ट्झ. सुरकुत्यांची गरज नाही, इलेक्ट्रॉनच तरंग विखुरतात. पण एका इलेक्ट्रॉनचं 'लक्ष्य' केवढं? साधारण एका चौरस मीटरचा दहाचा उणे अठ्ठाविसावा घात. दहा घन किलोमीटर प्लाझ्मा घ्या, दर घन मीटरला एक लाख कोटी इलेक्ट्रॉन धरा, सगळ्यांची बेरीज करा, तरी येतो एक चौरस मिलिमीटर. म्हणजे मोहरीचा दाणा, आणि तोही 300 किलोमीटरवर. नागपुरातून रायपूरच्याही पलीकडचा दाणा बघण्यासारखं. म्हणून मेगावॉटची शक्ती आणि मोठाल्या डिश लागतात, आणि असली रडारं जगात मोजकीच आहेत.

या तंत्राची कल्पना विल्यम गॉर्डन यांनी 1958 साली मांडली. इलेक्ट्रॉन सुसाट पळतात, तेव्हा परत येणारी फ्रिक्वेन्सी खूप पसरट असेल असा त्यांचा अंदाज. त्या हिशेबानं आरेसिबोची 305 मीटरची डिश आखली गेली. त्याच वर्षी केनेथ बोल्स यांनी इलिनॉयमध्ये इको पकडलाही, पण तो अंदाजापेक्षा फारच अरुंद निघाला. कारण इलेक्ट्रॉन मोकाट नसतात. जड आयनांच्या मागे त्यांना ओढीनं जावंच लागतं, आणि इकोवर चाल उमटते ती आयनांची. म्हणून 'इनकोहिरंट' हे नाव मला खटकतं. पूर्ण बेताल ते नाहीच. मात्र या चुकीतून फायदाच झाला: अरुंद इको पकडायला सोपा आणि त्याच्या आकारातच माहिती भरलेली. घनता, इलेक्ट्रॉनचं तापमान, आयनांचं तापमान आणि वेग, चारही उंचीगणिक मिळतात. सुपरडार्नला यातला मुख्यतः वेगच मिळतो, पण तो अर्ध्या गोलार्धावर, मिनिटा-दोन मिनिटांनी. आयस्कॅटला सगळं मिळतं, पण डिश जिकडे वळवली तेवढ्याच पट्टीत.

दोघांचीही एक अडचण सारखीच: एक रडार फक्त आपल्या दिशेनं येणारा किंवा जाणारा वेग सांगतं. खरी दिशा हवी तर दुसऱ्या ठिकाणाहून बघणारा जोडीदार लागतो.

पोहे संपले तेव्हा त्यानं मोबाइलवर सुपरडार्नचा नकाशा काढला. संपूर्ण ध्रुवावर सुबक भोवरे. "कोरे चौकोन कुठे आहेत, सर?" म्हटलं, रेषांवर जाऊ नको, बाणांच्या बुडाचे ठिपके शोध. ठिपका आहे तिथे रडारनं काहीतरी पाहिलंय. बाकीची जागा सौरवाऱ्याच्या नोंदी घेऊन एका सांख्यिकी प्रतिमानानं भरलेली असते. त्यानं चित्र मोठं केलं आणि ठिपके मोजायला लागला. कॅनडावर दाट होते. सैबेरियाच्या बाजूला एकही नव्हता.