गुरुत्वाकर्षणाची परीक्षा आणि लपलेला तिसरा तारा

दीर्घिकांच्या कडेचे तारे न्यूटनच्या हिशेबापेक्षा वेगाने फिरतात. मग एक तर न दिसणारे कृष्णद्रव्य मानायचे, नाहीतर नियमच बदलायचा. भौतिकशास्त्रज्ञ मोर्दहाय मिलग्रॉम यांनी १९८३ मध्ये दुसरा मार्ग सुचवला. त्याला ‘मॉण्ड’ म्हणतात. त्वरण १.२ × १०⁻¹⁰ मीटर प्रति सेकंद वर्ग याच्या खाली गेले की ओढ न्यूटनच्या नियमापेक्षा जास्त भरते, असा त्याचा दावा.

सूर्यापासून सुमारे ७,००० खगोलीय एककांवर (पृथ्वी-सूर्य अंतराच्या ७,००० पट) त्वरण एवढे उतरते. इतक्या लांबून एकमेकांभोवती फिरणारे जोडतारे म्हणूनच मोलाचे. त्यांच्यामधल्या जागेत कृष्णद्रव्य नगण्य, त्यामुळे वेग जास्त निघाला तर त्याच्यावर बोट ठेवता येत नाही.

दीड सूर्याइतक्या वस्तुमानाची, १०,००० एककांवरची जोडी घ्या. एका फेरीला आठ लाख वर्षे लागतात, तेव्हा कक्षा पाहणे सोडाच. फक्त सापेक्ष वेग मोजायचा. न्यूटनप्रमाणे तो सेकंदाला सुमारे ३६५ मीटर. आपल्या दीर्घिकेच्या ओढीचा परिणाम धरून मॉण्ड साधारण २० टक्के जास्त सांगतो, म्हणजे ७० मीटरचा फरक. ताऱ्यांच्या जागा अचूक मोजणाऱ्या गाया उपग्रहाच्या निजगतीतली (ताऱ्याच्या आकाशावरच्या सरकण्यातली) चूक १०० पार्सेकवरच्या (सुमारे ३२६ प्रकाशवर्षांवरच्या) तेजस्वी ताऱ्यासाठी सेकंदाला १० मीटरच्या आसपास असते, त्यामुळे हा फरक पकडता येतो. आपल्याकडून दोन ताऱ्यांकडे पाहण्याच्या दिशा किंचित वेगळ्या असल्याने येणारा १५ मीटरपर्यंतचा आभासी फरक मात्र आधी वजा करावा लागतो.

दृष्टिरेषेतले अंतर मात्र हाती लागत नाही. पराशयातल्या (पृथ्वी सूर्याभोवती फिरताना ताऱ्याची जागा किंचित हललेली दिसते, त्यावरून अंतर काढतात) चुकीमुळे तिथे ४०,००० एककांचा घोळ राहतो, जोडीच्या अंतराच्या चौपट! म्हणून आकाशावर दिसणारा सापेक्ष वेग आणि त्या दिसणाऱ्या अंतरावरचा वर्तुळाकार वेग यांचे गुणोत्तर काढून हजारो जोड्या एकत्र तपासतात. न्यूटनच्या नियमात बांधलेल्या जोडीचे गुणोत्तर १.४१ च्या वर जाऊ शकत नाही.

खरा घात तिसऱ्या ताऱ्याने होतो. एका ताऱ्याभोवती ३० एककांवर ०.२ सूर्यवस्तुमानाचा लाल खुजा तारा फिरत असेल, तर तो मुख्य ताऱ्याला सेकंदाला जवळपास एक किलोमीटर वेगाने हलवतो. शोधतोय तो फरक ७० मीटरचा! फेरी दीडशे वर्षांची असल्याने गायाच्या तिसऱ्या माहितीसंचातल्या ३४ महिन्यांत ही हालचाल जवळजवळ सरळ रेषेसारखी दिसते. सरळ रेषेपासूनचे विचलन दाखवणारा ‘रूवी’ अंक १.४ च्या आतच राहतो, आणि मंद साथीदारामुळे प्रकाशही वाढल्यासारखा वाटत नाही. म्हणजे दोन्ही नेहमीच्या चाळण्यांतून तो निसटतो.

निष्कर्षही इथेच फाटतात. २०२३ मध्ये खगोलशास्त्रज्ञ क्यू-ह्युन चे यांनी सुमारे २६,५०० जोड्यांवरून, लांबच्या जोड्यांत त्वरण न्यूटनच्या हिशेबाच्या १.४ पट असल्याचे सांगितले. लपलेल्या साथीदारांचे प्रमाण त्यांनी एकमेकांजवळून फिरणाऱ्या, न्यूटन नक्की पाळणाऱ्या जोड्यांवरून ठरवले. २०२४ मध्ये खगोलशास्त्रज्ञ इंद्रनील बनिक आणि सहकाऱ्यांनी ८,६११ जोड्या घेऊन ते प्रमाण गुरुत्वाच्या नियमाबरोबरच जुळवून काढले, आणि कौल ठामपणे न्यूटनकडे गेला.

जोड्यांची संख्या आणखी वाढवून हा वाद मिटेल असे वाटत नाही. थोड्याच जोड्या घ्याव्यात, त्यांचे अरीय वेग (आपल्याकडे येण्याचे वा दूर जाण्याचे वेग) वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा मोजावेत आणि अनुकूली प्रकाशिकीने (वातावरणामुळे येणारी थरथर दुरुस्त करणाऱ्या तंत्राने) प्रत्येक ताऱ्याशेजारचा मंद ठिपका शोधावा. गायाच्या चौथ्या संचात साडेपाच वर्षांतली प्रत्येक वेळची वेगवेगळी निरीक्षणे असतील. त्यांत या संथ वळणांपैकी बरीच दिसू लागतील.